कुंपणच शेत खातंय का?

वाचकाचं पत्र:

«डॉक्टर, माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबा 59 वर्षांचे. त्यांच्या डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनही नुकतंच संपलं. ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ आणि त्यापुढे ‘डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा’ असं लिहिलंय. धाकटा भाऊ 31 वर्षांचा. दहा वर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेलं मिश्रण, खातो. त्याच्या तोंडात दोनच बोटं जातात, तिखट लागलं की आग होते. दातांच्या डॉक्टरांनी त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ सांगितलं आणि गालात एक पांढरा चट्टा आहे तिथला तुकडा तपासायला हवा म्हणाले. आई नको म्हणते, सुरी लागली की पसरतो म्हणते. भावाने मोबाइलवर ऐकलं की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशीच गाठ वाढवतात, तेव्हापासून विचारतोय की त्या मारायचं औषध का नाही देत. तंबाखू सोडायला तयार आहे, पण नुसती सुपारी चालेल म्हणतो. आपल्याच अंगातल्या पेशी गाठीला का मदत करतात? बाबांच्या आणि भावाच्या रिपोर्टचा एकमेकांशी काही संबंध आहे का? – एक बहीण»

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण एक काम आधी करा. भावाच्या गालातला तुकडा याच आठवड्यात काढून तपासायला द्या. आईंची समजूत कशी घालायची ते पुढे सांगते. तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न महिनाभर थांबतील, हा थांबायचा नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला क्वचित भेटतो. माझ्यापर्यंत येतो तो त्याच्या शरीराचा नखाएवढा तुकडा, काचेवर पातळ पसरलेला, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. बाबांच्या रिपोर्टमधल्या ज्या शब्दापाशी तुम्ही अडलात, तो मी आजवर अगणित वेळा लिहिला आहे. तो वाचून कुणाच्या घरी किती दिवस झोप उडत असेल, हे तुमच्या पत्राने लक्षात आणून दिलं. म्हणून जरा मुळापासून सांगते.

गाठ म्हटलं की आपल्याला बिघडलेल्या पेशींचा गोळा डोळ्यासमोर येतो. काचेवर तसं दिसत नाही. बाबांच्यासारख्या गाठीत बिघडलेल्या पेशी बेटाबेटाने असतात आणि त्या बेटांच्या मधली जागा भरलेली असते गुलाबी धाग्यांनी. ते धागे कोलॅजनचे. त्या धाग्यांमध्ये लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सूत कातायच्या चातीसारख्या पेशी पसरलेल्या दिसतात. त्याच फायब्रोब्लास्ट. काही गाठींत, स्तनाच्या किंवा स्वादुपिंडाच्या, ही गुलाबी भरणीच कॅन्सरच्या पेशींपेक्षा जास्त असते. अशी गाठ सुरीने कापताना कच्चा पेरू कापल्यासारखी करकर हाताला जाणवते. हात लावला की दगडासारखी लागते, ती बहुतेक या धाग्यांमुळेच. ‘डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा’ म्हणजे एवढंच: गाठीभोवती धाग्यांची दाट भरणी झाली आहे.

या पेशी एरवी आपल्या जिवावर उपकार करणाऱ्या आहेत. विळीवर बोट कापलं की रक्त थांबल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याच धावून येतात, धागे टाकतात, जखमेचे काठ ओढून जवळ आणतात. ही ओढून घेण्याची ताकद कुठून येते ते 1971 मध्ये जूलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं: भरत्या जखमेतल्या फायब्रोब्लास्टमध्ये स्नायूसारखे आकुंचन पावणारे तंतू तयार होतात. जखम भरली की त्यातल्या बऱ्याच पेशी मरून जातात, उरलेल्या शांत होतात. काम झालं की गवंडी पहाड काढून घेऊन जातो, तसं.

गाठीत मात्र गवंडी जात नाही. 1986 मध्ये अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं, आणि इतक्या वर्षांत याहून नेमकं कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही. कॅन्सरच्या पेशी सतत तेच निरोप सोडत राहतात जे जखम झाल्यावर सुटतात. त्यातला मुख्य निरोप्या म्हणजे टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन. फायब्रोब्लास्टला वाटतं, इथे जखम आहे. ती इमानदारीने कामाला लागते. जखम असती तर भरली असती. ही भरतच नाही, म्हणून काम संपतच नाही.

म्हणजे तुमच्या ‘आपल्याच पेशी मदत का करतात’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की त्या फितूर झालेल्या नसतात, फसलेल्या असतात. गालाचा कॅन्सर फायब्रोब्लास्टचा नव्हे, तो वरच्या आवरणाच्या, म्हणजे ‘स्क्वॅमस’, पेशींचा. बिघाड त्या आवरणाच्या जनुकांत असतो; खालच्या फायब्रोब्लास्टची जनुकं बहुतेक वेळा धडधाकट असतात. बदलते ती त्यांची वागणूक.

पण फसलेला माणूससुद्धा नुकसान करतोच, आणि इथे ते फार होतं. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी प्रोस्टेटच्या अशा पेशी घेतल्या ज्या कॅन्सरच्या वाटेवर होत्या पण एकट्या गाठ करत नव्हत्या. त्यांच्यासोबत निरोगी प्रोस्टेटमधले फायब्रोब्लास्ट उंदरात घातले, तर गाठ झाली नाही. त्याच पेशींसोबत कॅन्सरच्या गाठीतून काढलेले फायब्रोब्लास्ट घातले, तर गाठ वाढली. बी तेच, शेजार बदलला. 2007 मध्ये लंडनच्या एका गटाने स्क्वॅमस कॅन्सरच्या पेशींवर, म्हणजे बाबांच्या जातीच्याच कॅन्सरवर, प्रयोग केला. त्यांना दिसलं की पुढे फायब्रोब्लास्ट जाते, धागे ओढून-तोडून बोगदा करते, आणि कॅन्सरच्या पेशी तिच्या मागोमाग ओळीने आत सरकतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो अक्षरशः हाच. याशिवाय या पेशी गाठीला वाढीची द्रव्यं पुरवतात, आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना बाहेरच्या बाहेर अडवतात, आणि भरणी फार दाट झाली की रक्तवाहिन्या दबून औषधही आत नीट पोचत नाही.

यवतमाळच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. बी कितीही जोमदार असलं तरी वापसा आल्याशिवाय कुणी पेरत नाही. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासल्या आणि हेच लिहिलं: कॅन्सर शरीरात कुठेही वाटेल तसा रुजत नाही, बी चहूकडे जातं, पण ज्या मातीत ते रुजू शकतं तिथेच उगवतं.

आता भावाकडे येते, कारण त्याच्या गालात माती तयार करण्याचं काम गेली दहा वर्षं चालू आहे. ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणजे तेच: तोंडाच्या आवरणाखाली धाग्यांची टणक भरणी होत जाणं.

हाच आजार असलेल्या सव्वीस वर्षांच्या एका मुलाची काच मला आजही आठवते. गालाचं निरोगी आवरण काचेवर जाड, लाटांसारखं वर-खाली जाणारं दिसतं. त्याच्या खाली सैलसर भरणी, भरपूर रक्तवाहिन्या, मग चरबी आणि स्नायू. या मुलाचं आवरण कागदासारखं पातळ आणि सपाट झालेलं. खाली काचेसारखा एकसंध गुलाबी पट्टा, त्यात पेशीही थोड्याच, रक्तवाहिन्या पिळवटल्यासारख्या. तो पट्टा खालच्या स्नायूंत घुसलेला. त्याची आई सांगत होती, आधी त्याला पाणीपुरी तोंडात घालता येईना, मग शीळ वाजेना, मग घास लहान झाला. त्या काचेतली प्रत्येक गुलाबी रेघ त्याच्या फायब्रोब्लास्टने विणलेली, आणि विणायला लावलं सुपारीने.

हे सुपारीचं काम आहे, ताई, तंबाखूचं नव्हे. भावाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. चुन्याबरोबर घोटलं की त्यातून अ‍ॅरेकेडीन तयार होतं, आणि ते फायब्रोब्लास्टना जादा कोलॅजन करायला लावतं. सुपारीतलं टॅनिन त्या कोलॅजनला असं घट्ट करतं की शरीराला ते विरघळवणं जड जातं. सुपारीत तांबं बरंच असतं. ते ज्या एन्झाइमला जोर देतं त्याचं कामच धाग्याला धागा सांधून टणक करणं. म्हणजे विणायचं वाढलेलं आणि उसवायचं जवळपास बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीही, तंबाखू न मिसळलेली, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. मग ती गोड असो, भाजकी असो, की लग्नात वाटलेली सुगंधी असो. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळायचा तो मिळतोच, आणि त्यात वजनाने सर्वांत जास्त सुपारीच असते.

या आजाराशी आपला संबंध जुना आहे. 1952 मध्ये तो पहिल्यांदा लिहिला गेला तो केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांबद्दल, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. केरळच्या एर्नाकुलम भागात अशा रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं गेलं तेव्हा त्यातल्या 7.6 टक्क्यांना कॅन्सर झाला. शंभरात सात-आठ. याचा अर्थ भावाला कॅन्सर होणारच असा नाही. बाकीच्यांना झाला नाही. पण सात-आठ हा आकडा मला थोडा वाटत नाही, विशेषतः पांढरा चट्टा दिसत असताना.

म्हणून दोन्ही रिपोर्टचा संबंध विचारलात तर तो आहे. बाबांच्या गालात आधी आवरणाच्या पेशी बिघडल्या आणि त्यांनी फायब्रोब्लास्टला कामाला लावलं. भावाच्या गालात सुपारीने फायब्रोब्लास्टला आधीच कामाला लावलंय, आणि वरचं आवरण त्या टणक, रक्त कमी पोचणाऱ्या मातीवर, रोज सुपारीचा रस पीत तग धरून आहे. पेशी त्याच, वाट उलटी.

आता आईंबद्दल. ‘सुरी लागली की पसरतो’ ही भीती मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिला हसण्यावारी नेणं मला पटत नाही. एका प्रयोगात तिला अर्धा दुजोरासुद्धा मिळतो. कोंबडीत गाठ करणारा एक विषाणू आहे, राउसचा. तो एका पंखात टोचला की तिथे गाठ होते. विषाणू रक्तातून सगळीकडे फिरतो, पण गाठ दुसरीकडे होत नाही. बर्कलीच्या मिना बिसेल यांच्या गटाने 1985 मध्ये दाखवलं की दुसऱ्या पंखाला जखम केली तर तिथेही गाठ उगवते. जखम भरताना जे निरोप सुटतात, तेच गाठीला रान मोकळं करून देतात.

मग आई बरोबर म्हणतात का? नाही. त्या कोंबड्यांच्या रक्तात गाठ करणारा विषाणू अंगभर फिरत होता. भावाच्या अंगात तसं काही नाही. तुकडा काढल्याची जखम तांदळाच्या दाण्याएवढी, एकदाच होणारी, आठ-दहा दिवसांत भरणारी. आणि जखमेचीच भीती असेल तर भावाच्या गालाला खरी जखम कोणती ते बघा. दिवसातून दहा वेळा खर्रा गालात धरायचा, सुपारीची टोकं घासत राहणार, चुना भाजत राहणार, आणि ही जखम भरायच्या आत पुढची पुडी उघडणार. दहा वर्षं. आईंना सुरीपासून मुलाला वाचवायचं आहे, तर त्यांनी पन्नीवर नजर ठेवावी. तुकडा न काढता थांबलो आणि आत काही बिघडलेलं निघालं, तर पुढे याच गालावर बाबांच्या ऑपरेशनएवढी सुरी लागते. हे त्यांना बाबांच्या शेजारी बसून शांतपणे सांगा. बाबांनी स्वतः सांगितलं तर आणखी चांगलं.

औषधाचा प्रश्न भावाने अगदी रास्त विचारला. या पेशी गाठीला मदत करतात तर मारून टाका, असं डॉक्टरांनाही वाटलं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ही भरणी सर्वांत दाट, म्हणून तिथे प्रयत्न झाले. भरणी विरळ करणाऱ्या एका औषधाने उंदरांत केमोथेरपी गाठीत जास्त पोचली. सगळ्यांच्या आशा वाढल्या. माणसांवरची चाचणी मात्र 2012 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा लवकर जाऊ लागले. 2014 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर याचं कारण शोधलं. त्यांनी गाठीतली ही भरणी कमी केली तर गाठ जास्त आक्रमक झाली. पुढे 2017 मध्ये कळलं की या पेशी एकजात नसतात. गाठीला चिकटून धागे विणणाऱ्या वेगळ्या, जरा लांब राहून दाह वाढवणारी द्रव्यं सोडणाऱ्या वेगळ्या. कुंपण शेत खातं हे खरं होतं, पण ते उपटल्यावर उरलीसुरली अडवणूकही गेली आणि गुरं मोकाट सुटली. आता बहुतेक प्रयत्न या पेशींना मारण्याऐवजी पुन्हा शांत करण्याचे आहेत. भावाच्या किंवा बाबांच्या आजारावर ‘फायब्रोब्लास्ट मारणारं’ म्हणून कुणी पावडर, काढा, इंजेक्शन देऊ केलं तर पैसे देऊ नका.

मोबाइलवर कदाचित या पेशींच्या स्कॅनचीही माहिती आली असेल. या पेशींवर एफएपी नावाचं प्रथिन असतं, ते टिपणारा पेट स्कॅन हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी 2018 च्या सुमारास पुढे आणला. पण तो भरत्या जखमेत आणि नुसत्या फायब्रोसिसमध्येही उजळतो. भावाच्या गालासाठी त्याची गरज नाही, तुकडाच हवा.

बाबांच्या रिपोर्टमध्ये मग काय बघायचं? अशा पेशी खूप असतील तर तोंडाचा कॅन्सर जास्त चिवट निघतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण पुढचे उपचार ठरतात ते त्या एका शब्दावरून नव्हे. गाठ किती मिलिमीटर खोल गेली होती, कापलेल्या कडा स्वच्छ होत्या का, मानेतल्या किती लसीकाग्रंथींमध्ये कॅन्सर सापडला, सापडला तर तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला होता का, नसेच्या कडेने सरकला होता का, हे पाच मुद्दे तुमच्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून घ्या. रेडिएशन ज्या कारणाने दिलं ते याच पाचांत सापडेल.

भावाला काय करायचं ते अवघड आहे पण लांबलचक नाही. सुपारी पूर्ण बंद, तंबाखू पूर्ण बंद, एकाच दिवशी. सुपारीचीही तलफ असते, ती अंगात मुरलेली सवय आहे. सुटत नसेल तर त्याला घालूनपाडून बोलू नका, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा मोफत नंबर लावून द्या. बंद केल्यावर आग कमी होते आणि तोंड आखडत जाणं रोखायला मदत होते. जे पट्टे एकदा घट्ट झाले ते मात्र आपोआप जात नाहीत. त्यासाठी गालात इंजेक्शनं, तोंड उघडण्याचे व्यायाम, आणि फारच आखडलं तर ऑपरेशन, हे दातांचे किंवा तोंडाच्या शल्यक्रियेचे डॉक्टर ठरवतील. सुपारी चालू ठेवून इंजेक्शनं घेणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी भरणं. आणि सोडल्यानंतरही दर काही महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं, कायमचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती तुमच्या घरात व्हायला हवी. रेडिएशननंतर बाबांचंही तोंड आखडू शकतं. तिथेही तेच घडतं: किरणांनी भाजलेल्या जागेत फायब्रोब्लास्ट धागे टाकत बसतात, आणि महिन्या-महिन्याने घास लहान होतो. म्हणजे व्यायामाची गरज दोघांनाही आहे. सर्जनना विचारा की बाबांनी कधीपासून आणि किती जोर लावून करायचा, कारण टाके आणि लावलेली कातडी त्यांनाच माहीत. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा. एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, आणि सवय झाली की मध्ये एक काडी सरकवायची. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर दर रविवारी पट्टीने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बाबांचं निळ्या पेनने, भावाचं लाल. संध्याकाळी दोघांना एकत्र बसवा. भावाला बाबांच्या शेजारी बसून काड्या धरायला लागल्या तर मी कितीही समजावून सांगितलं त्यापेक्षा जास्त कळेल.

तुकड्याचा रिपोर्ट आला की त्यात ‘डिस्प्लेजिया’, म्हणजे पेशी कॅन्सरच्या वाटेला लागल्याची खूण, हा शब्द आहे का ते बघा. तो नसेल, आणि ‘कार्सिनोमा’ही नसेल, तर चट्ट्यावर लक्ष ठेवायचं. ‘डिस्प्लेजिया’ असेल तर त्याच्याआधी सौम्य, मध्यम की तीव्र यातलं काय लिहिलंय ते बघून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून मला कळवा.